पेशींची साक्ष

मोडलेलें हाड धातूनें सांधावें, ही कल्पना जुनी आहे. परंतु शरीरांत ठेविलेला पदार्थ शरीरास मानवतो कीं नाहीं, हें विचारावयाचें कोणास? १८२९ सालीं अमेरिकेंत हेन्री लेव्हर्ट ह्या वैद्यानें प्लॅटिनम, सोनें, रुपें व शिसें यांच्या तारा कुत्र्यांच्या शरीरांत ठेवून पाहिल्या, आणि प्लॅटिनमनें दाह सर्वांत कमी होतो असें ठरविलें. पुढें दीर्घकाळ ह्या प्रश्नाचा साक्षीदार असा मुका प्राणीच राहिला.

१९०७ सालीं रॉस हॅरिसन ह्यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जापेशी लसिकेच्या थेंबांत, शरीराबाहेर वाढवून दाखविल्या. तेव्हांपासून प्रत्यक्ष पेशीचीच साक्ष काढणें शक्य झालें. आज परीक्ष्य पदार्थाचा अर्क काढून तो बहुधा उंदराच्या पेशींवर घालितात. १९८३ सालीं मोसमान ह्यांनीं वर्णिलेल्या रीतींत जिवंत पेशी एका पिवळ्या द्रव्याचें जांभळें करितात. त्या रंगाच्या गडदपणावरून किती पेशी वांचल्या तें मोजतां येतें. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००९ च्या आवृत्तीनुसार ही संख्या ३० टक्क्यांहून अधिक घटल्यास पदार्थ पेशींस घातक समजावा.

ही कसोटी आम्हांस आवश्यक वाटते. पुरेशी मात्र वाटत नाहीं. इंग्लंडांतील शस्त्रवैद्य जॉन चार्नली ह्यांचा अनुभव येथें उद्बोधक आहे. १९५८ च्या सुमारास त्यांनीं कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठीं टेफ्लॉन निवडलें. रसायनदृष्ट्या इतका निरुपद्रवी पदार्थ विरळाच. सुमारें ३०० रोग्यांस तो बसविण्यांत आला. परंतु चालतां चालतां वाटी झिजली, तिची पूड सभोंवार सांचली, भक्षक पेशींनीं ती गिळली, आणि त्या क्षोभानें आसपासचें हाड खंगूं लागलें. रोग्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. तेव्हां चार्नली ह्यांनीं टेफ्लॉनचे व नव्या पॉलिएथिलीनचे कण स्वतःच्याच मांडींत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागीं गांठी आल्या. दुसऱ्या जागीं तशा आल्या नाहींत. १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी रूढ झाली, व ती असंख्य पंगूंस वरदान ठरली. तथापि तिच्याही सूक्ष्म कणांनीं वर्षांनुवर्षांनीं हाड झिजतें, असें पुढें आढळलें.

१९७५ सालीं रे ह्यांनीं धातूंची पूडच उंदराच्या भक्षक पेशींपुढें ठेविली. कोबाल्ट, निकेल आणि कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातु यांनीं पेशींस इजा झाली. टायटॅनियम त्यांनीं सुखानें सोसलें. प्रश्न आतां योग्य रूपांत विचारला गेला होता.

आमच्या मतें ह्या इतिहासाचें तात्पर्य असें कीं, पेशी खोटें बोलत नाहीं; पण विचारिलें तेवढेंच सांगते. अखंड तुकड्याच्या अर्कानें ती मरते काय, असें विचारिलें तर तेवढेंच उत्तर मिळतें. झिजेच्या धुळीनें ती न मरतां क्षुब्ध होईल काय, हें निराळें विचारावें लागतें. तें न विचारिल्यास उत्तर रोग्याच्या हाडांत मिळतें, आणि तेंही फार उशिरा.