शेकोटीची तबकडी

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांत एक विलक्षण रीत आहे. जी तबकडी कधी वाजवलीच गेली नाही, तिला सर्वांत अधिक मोल! बालवीर चळवळीच्या स्मरणिका-तबकड्यांचा इतिहास चाळू लागलो की ही रीत मनाला बोचते. कारण या तबकड्या निघाल्याच मुळी घरी नेऊन पुनःपुन्हा ऐकण्यासाठी.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांची छावणी भरवली. शेकोटीभोवतीचे गाणे तेव्हापासून या चळवळीच्या अंगी मुरले. ब्रिटनमध्ये ते रंगमंचावर व तबकडीवर आणण्याचे मोठे श्रेय राल्फ रीडर यांना द्यावे लागेल. अमेरिकेच्या रंगभूमीवर उमेदवारी करून ते मायदेशी परतले होते. डाऊन येथील स्काऊट छावणीला पोहण्याचा तलाव हवा होता, पैसा नव्हता. तेव्हा १९३२ साली लंडनच्या स्काला नाट्यगृहात त्यांनी स्काऊटांना घेऊन गाण्याविनोदांचा खेळ बसवला आणि स्वतःचे नाव झाकून ‘होबर्नचा एक रोव्हर’ एवढीच आपली ओळख दिली. त्यातून ‘गँग शो’ची परंपरा उभी राहिली. लंडनचा हा खेळ रीडर यांनी १९७४ पर्यंत सांभाळला.

गँग शोची आरंभीची गाणी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर निघाली. त्या तबकड्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपला. लंडनच्या पोरांचा आवाज छोटा नागपूरच्या जंगलातील किड्यांच्या लाखेवर कोरला गेला असेल, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटते.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँगप्ले तबकडी बाजारात आणली. ती लाखेसारखी ठिसूळ नव्हती, आणि एका बाजूस वीसेक मिनिटे मावत. अमेरिकेत आरसीए व्हिक्टरसारख्या कंपन्या मागणीनुसार थोड्या प्रतीही काढून देत. शाळा, चर्चचे गायकवृंद, स्काऊट पथके यांना ही सोय लाभली. १९५० साली व्हॅली फोर्ज येथील राष्ट्रीय जांबोरीस ४० हजारांहून अधिक मुले जमली होती. अशा मेळाव्याहून परतणाऱ्या मुलाच्या पिशवीत बिल्ले असत, तशी पुढे तबकडीही आली.

मात्र संग्राहकांची गर्दी बिल्ल्यांभोवती. बिल्ला खिशात मावतो, मेळाव्यातच त्याची अदलाबदल होते. तबकडी जड, वाकणारी, ओरखडे पडणारी. शिवाय प्रती थोड्या म्हणून किंमत मोठी, असेही होत नाही. घेणाराच नसेल तर दुर्मीळ वस्तूही स्वस्त राहते.

किंमत ठरवताना जाणकार आधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरतात. मग शेवटच्या खाचेपुढील मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक पाहून ती कोणत्या छपाईची हे ताडतात. वेष्टण, सोबतची पुस्तिका शाबूत हवी. या व्यवहारात ‘व्हेरी गुड’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेली! नवख्याने हे शब्द शब्दकोशातून समजून घेऊ नयेत. आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून व पावसाळी बुरशीपासून जपाव्यात. दुर्मीळ असेल ती चांगल्या सुईखाली एकदा वाजवून आवाजाची नक्कल करून घ्यावी, कारण प्रत्येक वादनाने खाच थोडी झिजते.

आणखी एक दोष जाणकार न चुकता नोंदवतात, तो म्हणजे वेष्टणावरील लिखाण. कोण्या मुलाने शाईने आपले नाव, पथकाचा क्रमांक, छावणीची तारीख लिहिली असली की किंमत घसरते. पण तबकडीच्या लेबलावर त्या कोरसातील मुलांची नावे सहसा नसतात. आत कोण गात होते, याचा माग इतिहासाच्या अभ्यासकाला लागलाच तर त्या वेड्यावाकड्या अक्षरांतूनच लागतो. दोन प्रती समोर आल्या, एक कोरी व दुसरी शाईने डागाळलेली, तर मी डागाळलेलीच आधी उचलीन.