चौदा कॅरेटचा कायदा

आजोबांची फुंकणी अजून माझ्या टेबलावर आहे. कोल्हापूरच्या गुजरीत ते साज घडवायचे. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही! म्हणजे चोवीस भागांत दहा भाग दुसरा धातू. बावीस कॅरेटचा पत्रा हाताखाली मऊ वळतो. चौदा कॅरेटचा ठोकताना चिरायचा, पुन्हा पुन्हा तापवावा लागायचा. साजाचं पान उठेना.

हेतू परकीय चलन वाचवण्याचा होता. पण लेकीच्या लग्नाला चौदा कॅरेट कोण घेणार? मागणी हुकमाने आटली नाही, चोरवाटेने वाहू लागली. तस्कर गब्बर झाले आणि देशभर कारागिरांच्या चुली विझल्या. काही सोनारांनी जीव दिला. १९६६मध्ये कॅरेटची अट गेली, तरी १९६८च्या कायद्याने परवाने आणि नोंदवह्या ठेवल्याच. तो रद्द व्हायला १९९० उजाडलं.

सोन्याचा कस कसोटीवर लागतो, कायद्याचा कस माणसांच्या जगण्यावर. गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातल्या राजीखुशीच्या व्यवहारात सरकारने शिरू नये, हे मी या फुंकणीकडून शिकलो.