नागपाड्याचं शेजारघर

‘टिस’ कुठे आहे असं विचारलं, तर मुंबईतला कुणीही देवनार सांगेल. पण टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले वर्ग देवनारला भरले नव्हते. ते भरले नागपाड्यात, कामाठीपुऱ्याच्या शेजारी, ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ नावाच्या एका समाजकेंद्रात. मराठीत सांगायचं तर शेजारघरात.

ही कल्पना मूळची लंडनची. शिकल्यासवरल्या माणसांनी लांबून दान पाठवण्यापेक्षा गरीब वस्तीतच जाऊन राहावं, या विचारातून 1884 मध्ये तिथे टॉयन्बी हॉल सुरू झाला. 1889 मध्ये जेन अ‍ॅडम्स यांनी शिकागोत हल हाऊस उघडलं. मुंबईत हे काम केलं अमेरिकन मराठी मिशनने. मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 मध्ये मुंबईत आले आणि लवकरच नागपाड्याचं केंद्र उभं राहिलं.

तेव्हाचा नागपाडा म्हणजे मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, बगदादी ज्यू आणि घरी मराठी बोलणारे बेने इस्रायली, सगळे एकमेकांना लागून. बहुतेकांचं घर म्हणजे एकच खोली. मुलाने अभ्यास कुठे करायचा, तरुणाने संध्याकाळी जायचं कुठे, आजारी तान्ह्याला दाखवायचं कुणाला? वाचनालय, रात्रीचे वर्ग, व्यायाम, खेळ, बालकांचा दवाखाना ही केंद्राची कामं या प्रश्नांतूनच आली. केंद्र मिशनऱ्यांचं असलं, तरी मॅन्शार्ट यांचा भर धर्मांतरावर नव्हता, सेवेवर होता. इतक्या धर्मांच्या मोहल्ल्यात एरवी त्याच्या दारात कोण आलं असतं?

मला महत्त्वाचा वाटतो तो यातला क्रम. आधी मोहल्ला, मग काम आणि त्यानंतर अभ्यासक्रम. हे काम करायला प्रशिक्षित माणसं हवीत, हे इथल्या अनुभवातून कळत गेलं. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातली पहिली संस्था सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. 1944 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पुढे ती अंधेरीला आणि 1954 मध्ये देवनारला गेली.

नागपाडा तिथेच राहिला आणि बास्केटबॉलसाठी देशभर गाजला. भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर याच मोहल्ल्यातले. याचं श्रेय एकट्या केंद्राला देता येणार नाही. मस्तान तलावाचं मैदान होतं, वायएमसीए होतं. पण दाटीवाटीच्या वस्तीत चार मोकळ्या जागा असल्या की काय घडतं, हे त्यातून दिसतं.

आज पुनर्विकासाच्या प्रत्येक जाहिरातीत क्लबहाऊस असतं. जिम, वाचनाची खोली, मुलांना खेळायला जागा. यादी साधारण नागपाड्याचीच. फक्त आत जाताना फ्लॅट नंबर सांगावा लागतो. समोरच्या चाळीतल्या पोराला तो नसतो, आणि शेजारघर मुळात बांधलं गेलं होतं ते त्याच पोरासाठी.