ख्रिस्तपुराण आणि हरवलेल्या पोथ्या

फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या या गौरवाचा आम्हांसही अभिमान वाटतो. परंतु त्याच गोव्यात १५४० पासून देवळे पाडली गेली, देशी पोथ्या जाळल्या गेल्या आणि १६८४ च्या फर्मानाने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्यास लोकांना बजावले. तेथील रामायण-महाभारताच्या काही कथा आज पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात सापडतात. मिशनऱ्यांना भाषा शिकायची होती, म्हणून त्या रोमन लिपीत उतरल्या. जपणूक झाली ती धर्मप्रसाराच्या गरजेपुरती. ज्या पोथ्यांची गरज पडली नाही, त्यांची नावेही उरली नाहीत. स्टीफन्सचे ऋण मान्य करूनही त्याच्या ओवीभोवतीचे हे मौन आपण वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते.