अत्याचारात जखमी झाल्यास अर्थसाहाय्य आणि भरपाई : हक्क, रक्कम आणि कागदपत्रे

जयंतीच्या मिरवणुकीवरून, सामाईक बांधावरून किंवा गाडीला कट मारल्याच्या निमित्ताने वाद होतो, जातीवरून शिवीगाळ होते आणि काठ्या-कुऱ्हाडी निघतात. जखमी तरुणाला ग्रामीण रुग्णालयात नेले जाते. वस्तीतले पन्नास लोक पोलीस ठाण्यासमोर जमतात, गुन्हा दाखल होतो, निवेदन दिले जाते आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. महिन्याभराने गर्दी ओसरलेली असते. मोडलेला हात, बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचे कर्ज मात्र त्या घरातच राहते. पुढे तडजोडीचा निरोप येतो तेव्हा अनेक घरे याच ओझ्यामुळे वाकतात.

म्हणून भरपाईचा प्रश्न खटल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जखमी कुटुंब दोन-चार वर्षे टिकले तरच साक्ष टिकते. हे अर्थसाहाय्य म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही, तो नियमांनी ठरवून दिलेला हक्क आहे. तरीही किती रक्कम मिळणार आणि कधी मिळणार, हे बऱ्याच अंशी पहिल्या आठ दिवसांत तयार होणाऱ्या कागदांवर ठरते. ती माहिती प्रत्येक कार्यकर्त्याकडे असावी यासाठी हा लेख आहे.

भरपाईच्या तीन वाटा

पहिली वाट अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ आणि त्याखालील १९९५ च्या नियमांची. नियम १२(४) नुसार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्याने पीडिताला सात दिवसांच्या आत तातडीचे साहाय्य द्यायचे असते. यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी वाट पीडित भरपाई योजनेची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३५७-अ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. हा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.

तिसरी वाट न्यायालयाची. शिक्षा सुनावताना आरोपीकडून पीडिताला भरपाई देण्याचा आदेश न्यायालय करू शकते (संहितेचे कलम ३९५). प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने भरपाईच्या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले आहे. निकालाच्या टप्प्यावर सरकारी वकिलांना याची आठवण करून द्यावी.

‘एका ठिकाणी पैसे मिळाले, आता दुसरीकडे हक्क नाही,’ असे अनेकदा सांगितले जाते. नियम १२(५) प्रमाणे अत्याचार नियमांखालचे साहाय्य हे इतर कायद्यांखालच्या भरपाईच्या हक्कापेक्षा वेगळे आणि त्याशिवायचे आहे.

‘तुम्ही तर बौद्ध, मग अ‍ॅट्रॉसिटी कशी?’

हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर पाठ असावे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात हिंदू आणि शीख यांच्यासोबत बौद्ध धर्माचा समावेश झाला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीला या कायद्याचे संरक्षण आहे.

अडचण येते ती कागदावर. फिर्यादीत जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिले जाते, शाळेच्या दाखल्यावर वेगळी नोंद असते आणि जातीचा दाखला काढलेलाच नसतो. याचा फायदा पुढे आरोपीचा वकील घेतो. आपली ओळख बौद्ध आहे आणि ती अभिमानाने सांगावी. पण फिर्यादीत मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींचा उल्लेख असू द्यावा. जखमीचा जातीचा दाखला नसेल तर वडिलांच्या किंवा भावंडांच्या दाखल्याची प्रत जोडून नवीन दाखल्याचा अर्ज त्याच आठवड्यात करावा. वस्तीतल्या प्रत्येक घरात हा दाखला आहे का, हे तपासण्याची मोहीम घटनेची वाट न पाहता आजच घेता येते.

फिर्यादीत काय यायला हवे

अर्थसाहाय्याची रक्कम लावलेल्या कलमांवर अवलंबून असते. कलम चुकले की रक्कमही चुकते.

मारहाणीच्या गुन्ह्यात दोन पोटकलमे महत्त्वाची आहेत. साधी दुखापत, हत्याराने दुखापत, गंभीर दुखापत यांसारखे अनुसूचीतले गुन्हे असतील तर ३(२)(व्हीए). दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल, उदाहरणार्थ घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत, तर ३(२)(व्ही). दोन्हींसाठी पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, हे दाखवावे लागते. म्हणून आरोपी त्याच गावचा आहे, कुटुंबाला ओळखतो, शेजारी शेत आहे, एकाच शाळेत होता, असे जे खरे असेल ते फिर्यादीत लिहून घ्यावे. आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती हे सिद्ध झाले, तर त्याला जातही माहीत होती असे न्यायालय कलम ८(क) नुसार गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

जातिवाचक शिवीगाळीसाठी ३(१)(आर) आणि ३(१)(एस) ही कलमे आहेत. तिथे घटना लोकांच्या नजरेसमोर घडणे गरजेचे असते. जागा कोणती, कोण हजर होते, नेमके कोणते शब्द वापरले, हे लिहावे. ‘जातीवरून शिव्या दिल्या’ एवढेच वाक्य पुरत नाही.

तोंडी फिर्याद सही घेण्याआधी वाचून दाखवणे, योग्य कलमांखाली नोंदवणे आणि तिची प्रत देणे हे कलम ४ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू’ हे उत्तरही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या निकालाने प्राथमिक चौकशीची वाट उघडली होती. २ एप्रिलच्या भारत बंदनंतर संसदेने कलम १८-अ घालून ती बंद केली. ठाण्यात नकार मिळाला तर फिर्याद लेखी स्वरूपात रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. जखमीचा पहिला जबाब अर्धवट झाला असेल तर पुरवणी जबाब नोंदवून घ्यावा.

दवाखान्यातला कागद

सर्वात जास्त नुकसान इथे होते. दुखापत अशी नोंदवली जाते की पुढे ती ‘साधी’ ठरते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, कायमचे विद्रूप होणे, डोळा किंवा कान निकामी होणे, तसेच पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा रोजचे काम करता न येणे, हे सर्व गंभीर दुखापतीत मोडते. तेव्हा एक्स-रे झाल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये. ‘पडून लागले’ असे कुणी लिहून घेत असेल तर तिथेच हरकत घ्यावी. एमएलसी नोंद झाली का, तिचा क्रमांक काय, हे विचारावे. केसपेपर, एक्स-रे, सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि डॉक्टरांनी लिहिलेली विश्रांतीची मुदत यांच्या प्रती ठेवाव्यात. उपचार खासगी दवाखान्यात झाले असतील तर ते कागद तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी.

हात पूर्ववत झाला नाही, बोटे मिटत नाहीत, दिसणे कमी झाले, अशी स्थिती राहिली तर शासकीय रुग्णालयाकडून अपंगत्वाचे टक्केवारीसह प्रमाणपत्र घ्यावे.

रक्कम किती आणि कधी

१४ एप्रिल २०१६ च्या सुधारित नियमांतील परिशिष्टाप्रमाणे मुख्य रकमा अशा आहेत :

- जातिवाचक अपमान, शिवीगाळ : १ लाख रुपये.
- ३(२)(व्हीए) खालील मारहाण, दुखापत : २ लाख रुपये.
- ३(२)(व्ही) खालील गुन्हा : ४ लाख रुपये.
- ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व : २ लाख ५० हजार रुपये.
- ५० ते १०० टक्क्यांदरम्यान अपंगत्व : ४ लाख ५० हजार रुपये.
- १०० टक्के अपंगत्व : ८ लाख २५ हजार रुपये.
- खून किंवा मृत्यू : ८ लाख २५ हजार रुपये.

पहिल्या तीन प्रकारांत २५ टक्के रक्कम एफआयआरच्या टप्प्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि २५ टक्के खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर मिळते. अपंगत्वात निम्मी रक्कम वैद्यकीय अहवालानंतर आणि निम्मी दोषारोपपत्रानंतर मिळते. मृत्यूच्या प्रकरणात निम्मी शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्रानंतर. मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासारख्या प्रकरणांत याशिवाय मुलांच्या शिक्षणाचा खर्च, घर आणि धान्य यांसारख्या पुनर्वसनाच्या तरतुदीही आहेत. मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना पेन्शनची तरतूद आहे.

एक उदाहरण धरू. मारहाणीत एका तरुणाचा हात मोडला आणि ४० टक्के अपंगत्व राहिले. प्रकरण केवळ ३(२)(व्हीए) मध्ये धरले तर त्याला आधी ५० हजार, नंतर १ लाख आणि शिक्षा झाली तरच उरलेले ५० हजार मिळतील. अपंगत्वाचे प्रमाणपत्र प्रस्तावाला जोडले तर एकूण अडीच लाख मिळतात आणि त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. हा पन्नास हजारांचा फरक एका कागदाचा आहे.

पाठपुरावा कुणाकडे करायचा

व्यवहारात पोलिसांकडून एफआयआर, जातीचा दाखला आणि वैद्यकीय कागद जिल्ह्याच्या समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांकडे जातात आणि तिथून साहाय्य मंजुरीची कारवाई होते. घटनेनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी या कार्यालयात जाऊन प्रस्ताव आला का, हे विचारावे. आला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्यावा. बँक पासबुक पीडिताच्या स्वतःच्या नावाचे द्यावे.

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायला हवे. दुसरा हप्ता याच्याशी जोडलेला असल्यामुळे ६१ व्या दिवशी स्मरणपत्र जायला हवे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा होणे बंधनकारक आहे. रखडलेली प्रकरणे यादी करून समितीच्या सदस्यांकडे द्यावीत. तपास आणि खटल्यासाठी येण्या-जाण्याचा खर्च व भत्ता नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना मिळतो. तो मागितला जात नाही म्हणून दिला जात नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वरही तक्रार नोंदवता येते.

‘तुम्ही कोण? कुटुंबालाच येऊ द्या,’ असे कार्यकर्त्यांना सुनावले जाते. कलम १५-अ (१२) पीडिताला सामाजिक कार्यकर्ते, संस्था आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्क देते. ही ओळ छापून फाइलमध्ये ठेवा.

प्रकरण अ‍ॅट्रॉसिटीत बसत नसेल तर

हल्लेखोर अनुसूचित जाती-जमातीचाच असेल तर अत्याचार प्रतिबंध कायदा लागू होत नाही. हल्लेखोर अज्ञात असेल तर आरोपीला जात माहीत होती हे सुरुवातीला दाखवता येत नाही. अशा वेळी बरेच जण हात टेकतात. पण कलम ३९६ ची वाट जात पाहत नाही. आरोपी सापडला नाही आणि खटलाच चालला नाही, तरी पीडित स्वतः विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. ठाणे अंमलदार किंवा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर मोफत वैद्यकीय मदतीचा आणि अंतरिम साहाय्याचा आदेशही प्राधिकरण देऊ शकते. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची शिफारस न्यायालय करू शकते.

‘पैशासाठी केस करतात’

हा आरोप ऐकून काही कुटुंबे हक्काची रक्कमही नाकारतात. हात मोडलेल्या माणसाला सुरुवातीला दोन लाखांचा पाव भाग मिळतो. त्यात कुणी श्रीमंत होत नाही. हे साहाय्य राज्याने द्यायचे असते, कारण नागरिकाचे संरक्षण करण्यात राज्य कमी पडलेले असते. ते घेतल्याने खटला कमजोर होत नाही.

उलट, आरोपीच्या बाजूने येणारी तडजोडीची रक्कम ही वेगळी गोष्ट आहे. तिची अट साक्ष फिरवण्याची असते. दरोड्याची किंवा विनयभंगाची उलट तक्रार करून दबावही आणला जातो. साक्षीदारांना दमदाटी झाली तर कलम १५-अ खाली विशेष न्यायालयाकडे संरक्षण मागता येते. जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळणे आणि तिथे म्हणणे मांडता येणे हाही पीडिताचा हक्क आहे. हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही नोटीस बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे.

मोर्चा काढणे आपल्याला येते आणि तो काढावाच. त्याच दिवशी दोन जणांना मोर्चातून बाजूला काढून एक काम द्यावे : एकाने दवाखान्यात बसायचे, दुसऱ्याने फाइल सांभाळायची. एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, वैद्यकीय कागद, पासबुक, प्रत्येक अर्जाची पोच आणि पुढच्या तारखांची वही. जखमीच्या घरात चूल पेटत राहिली तर दोन वर्षांनी तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.