सिस्ट दिसली, आता पुढे काय?

आजचा विषय आहे आईच्या पोटातल्या मुलीच्या अंडाशयात होणारी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ.

गोष्ट सुरू होते ग्लासगोजवळ. 1955 मध्ये डॉ. इयन डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले! तिथे धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं. सिस्ट आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. मग टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरने त्यांच्यासाठी मशीन घडवलं. (इंजिनिअर म्हणून मला इथे भारी वाटतं.) पोटाचा कॅन्सर समजून आशा सोडलेल्या एका बाईला त्या मशीनवर अंडाशयाची मोठी सिस्ट दिसली. ती काढली, बाई वाचली. 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला.

गर्भातल्या मुलीची अशी सिस्ट जन्माआधी ओळखल्याचा निबंध आला 1975 मध्ये. त्याआधी जन्मानंतर पोट फुगलेलं दिसलं तरच शंका यायची. मग ऑपरेशन, आणि पुष्कळदा सिस्टबरोबर अंडाशयही जायचं.

सोनोग्राफी पुन्हा पुन्हा होऊ लागली, तसं कळलं की घाई नको. आईच्या आणि वारेच्या हार्मोन्समुळे ही सिस्ट वाढते. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो आणि बऱ्याच साध्या सिस्ट काही महिन्यांत आपोआप जिरतात. 1988 मध्ये रेडिओलॉजिस्टनी नवजात मुलींच्या सोनोग्राफीची चित्रं आणि ऑपरेशननंतरची तपासणी ताडून पाहिली. पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी, तर साधी. आत गाळ, गुठळी किंवा पडदे, तर अंडाशयाला पीळ पडला असण्याची शक्यता. कॅन्सर अगदी दुर्मिळ. खरी भीती पिळाचीच, कारण त्याने रक्तपुरवठा तुटतो. म्हणून लहान, साध्या सिस्टवर फक्त लक्ष ठेवतात. 4-5 सेंटिमीटरच्या वर गेली की सुईने पाणी काढायचं की थांबायचं, यावर डॉक्टरांचीही मतं वेगळी आहेत.

आता आपल्याकडचा पेच. त्याच 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 मध्ये देशाने. 'अंडाशय' म्हटलं की मुलगी आहे हे सांगून झालंच! त्यामुळे डॉक्टरांना 'पोटात सिस्ट आहे, लक्ष ठेवू' एवढ्यावरच थांबावं लागतं. याच मशीनच्या जोरावर मुली पोटातच मारल्या गेल्या, म्हणून हा कायदा आला. मला तो पटतो.

तेव्हा कुणाच्या रिपोर्टमध्ये असं काही आलं, तर नाव खोदून विचारू नका. आकार किती, आत स्वच्छ पाणी आहे का, पुढची सोनोग्राफी कधी, आणि जन्मानंतर बाळाला कुठल्या सर्जनना दाखवायचं, हे नक्की विचारा.

भेटू पुढच्या भागात!