जलवाहिनीचा खर्च कोणाच्या माथी? नगरवित्ताच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. हद्द वाढवायला शासनाची अधिसूचना पुरली. जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि पाण्याच्या टाक्या अधिसूचनेने येत नाहीत. त्यांना पैसा लागतो, आणि तो जवळजवळ सगळा सुरुवातीलाच लागतो. पाणीपट्टी मात्र थेंबाथेंबाने, पुढची कित्येक वर्षे जमा होत राहते. मधला भार कोणी उचलायचा, हा नगरवित्तातला मूळ प्रश्न आहे. तो अभ्यासायला आलेल्या प्रत्येक वाचकाचे मनापासून स्वागत.

हा विषय रुक्ष आकडेमोडीचा आहे, असा समज आहे. तो दूर करायचा तर मुंबईतल्या मालमत्ता कराचे बिल नीट वाचावे. त्यात जल कर आणि जल लाभ कर अशा दोन स्वतंत्र ओळी असतात. मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कराचेही तसेच. लाभ कराची तरतूद झाली ती या सेवांच्या भांडवली कामांचा खर्च भागवता यावा म्हणून. पाण्याचे पैसे वेगळे आणि पाणी दारापर्यंत आणणाऱ्या यंत्रणेचे वेगळे, हा भेद त्या कागदावर छापलेला आहे. आपण तो न वाचता बिल भरतो.

याहून धाडसी विचार मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात होता, आणि तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही टिकला. नगररचना योजनेत वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा आणि सेवांसाठी जागा काढतात व मालकांना आखीव भूखंड परत देतात. पुण्यात शिवाजीनगर, एरंडवणे भागांतल्या पत्त्यांत आजही ‘फायनल प्लॉट नंबर’ आढळतो, तो याच पद्धतीचा. समजा, १० लाखांचा भूखंड योजनेमुळे १६ लाखांचा ठरला. वाढ ६ लाखांची. योजनेच्या खर्चापोटी त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ३ लाखांपर्यंत, अंशदान मालकाकडून घेता येते. त्यावरचा खर्च नियोजन प्राधिकरणाने सोसायचा. सार्वजनिक पैशाने जमिनीचा भाव चढतो, तेव्हा त्या चढीतला वाटा सार्वजनिक कामाकडे वळावा, हे तत्त्व मला आजही या क्षेत्रातले सर्वांत न्याय्य तत्त्व वाटते.

मग ते थकले कुठे? उत्तर मूल्यांकनाच्या तारखेत आहे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही भाव योजनेचा इरादा जाहीर झाला त्या दिवसाचे धरायचे असतात. पुढे हरकती, लवादापुढची सुनावणी, अपील, अंतिम मंजुरी यांत वर्षानुवर्षे गेली. तोवर कामांचा खर्च कैक पट वाढला आणि अंशदान मात्र जुन्याच भावाचे राहिले. तत्त्व चुकले नव्हते. दिरंगाईने त्यातला पैसा खाल्ला. आता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको हे पुन्हा नगररचना योजनांकडे वळले आहेत, त्यामुळे हा जुना हिशेब नव्याने तपासणे निकडीचे झाले आहे.

१९९२ मध्ये कायद्यात विकास शुल्काचे प्रकरण जोडले गेले. हे शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळी वसूल होते. वसुली सोपी झाली. पण शुल्क भरले म्हणून त्या इमारतीपर्यंत अमुक मुदतीत जलवाहिनी येईलच, अशी हमी नाही. महापालिकेचे पाणी येईपर्यंत सोय आपण करू, असे हमीपत्र बिल्डर देतो आणि पुढे सोसायटी ताब्यात आली की टँकरचा खर्च दरमहा मेंटेनन्समध्ये वाटला जातो. सदनिकाधारक विकास शुल्क घराच्या किमतीत भरतो, मालमत्ता कर पालिकेकडे भरतो आणि पाण्यासाठी टँकरवाल्याला वेगळे देतो. सेवाविस्ताराच्या खर्चाची चर्चा करताना ही तिसरी रक्कम कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती मोजायला शिकवणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे.

कर्जरोख्यांचा मार्गही आहे. अहमदाबादने १९९८ मध्ये १०० कोटींचे रोखे काढले, पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे. जलवाहिनी अनेक दशके टिकते, तेव्हा उद्याच्या रहिवाशांनीही तिचे हप्ते भरावेत, यात काही गैर नाही. पण परतफेडीला स्वतःचे खात्रीचे उत्पन्न लागते. जकात गेल्यापासून आपल्या महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबून आहेत.

नवी मुंबईचा अनुभव मात्र सावकाश वाचावा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने विकसित भूखंड विकून त्या पैशातून शहराच्या सेवा उभारल्या. ज्यांच्या शेतजमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी गावांना भाववाढीत वाटा मिळवण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात माणसे गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची आहे. भूमिमूल्याचा कोणताही सिद्धान्त मांडताना मूळ मालकाला विसरता येत नाही, हे महाराष्ट्र अशी किंमत मोजून शिकला आहे.

वाचकाला अर्थशास्त्राची पदवी असण्याची गरज नाही. आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक जवळ ठेवावे, त्यात विकास शुल्काची जमा आणि पाणीपुरवठ्याचा भांडवली खर्च ही दोन शीर्षे शोधावीत, आणि आपल्या भागात त्यातले काय पोहोचले ते विचारावे. पहिले प्रकरण १९१५ च्या कायद्यापासून सुरू होते. तिथे येताना हे आकडे सोबत असू द्यावेत.